शरीर आणि निसर्ग सोबत घेऊन समुपदेशन: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, पहिल्या भेटीत आणि पुष्कळदा एखाद्या लग्नात कोपऱ्यात गाठून विचारलेले हे प्रश्न आहेत. उत्तरांत जे प्रसंग आलेत ते अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेले आहेत. कुणा एकाची ओळख पटेल असं त्यांत काही नाही.

तुम्ही नेमकं काय करता?

मी समुपदेशक आहे. माझ्या कामाचा पाया बोलणं आणि ऐकणं हाच आहे. त्यात दोन गोष्टींची भर पडली आहे. माणूस बोलत असताना त्याच्या श्वासात, खांद्यांत, पोटात काय चाललंय याकडे आम्ही दोघं मिळून लक्ष देतो. आणि त्याची तयारी असेल तर काही भेटी खोलीबाहेर, झाडाखाली किंवा चालता चालता होतात.

आधी तुम्ही नेहमीचंच समुपदेशन करत होता. मग इकडे कशा वळलात?

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती शिकले. महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांनी रुजवली. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्टी विचार आपल्याला जास्त छळतो, हे तिचं सांगणं मला तेव्हा पटलं होतं आणि आजही पटतं. परीक्षेच्या धास्तीने आलेल्या मुलांसोबत मी अजून तीच वापरते.

पण माझ्याकडे येणारी बरीचशी माणसं विचार घेऊन येत नव्हती. छातीत कळ येते म्हणून ईसीजी काढून झालेला, पोटात गोळा उठतो म्हणून सोनोग्राफी झालेली, सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि शेवटी कुणीतरी "एकदा त्या मॅडमना भेट" म्हणून पाठवलेलं. अशा माणसाला विचार तपासायला शिकवलं की तो शिकायचा. पण पुढच्या भेटीत म्हणायचा, "ताई, विचार चुकीचा हाय ते कळतंय वो, पण छाती ऐकत न्हाई." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मला ते हवं होतं.

शोधताना मानसशास्त्रज्ञ यूजीन जेंडलिन यांचं काम हाती लागलं. ते शिकागो विद्यापीठात कार्ल रॉजर्स यांच्यासोबत होते. कुणाला समुपदेशनाचा फायदा होतो आणि कुणाला होत नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली. ज्यांना फायदा होत होता ती माणसं बोलता बोलता थांबायची, चाचपडायची, आत काहीतरी धूसर जाणवतंय त्याला शब्द शोधायची. घडाघडा आणि मुद्देसूद बोलणाऱ्यांना तितका फायदा होत नव्हता. हे वाचल्यावर मी माझ्या खोलीतल्या शांततेकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. समोरचा थांबला की मी पुढचा प्रश्न विचारायची घाई करत असे, ती सोडली.

त्यानंतर पीटर लेव्हिन यांच्या "सोमॅटिक एक्स्पिरिअन्सिंग" या, शरीरातल्या जाणिवांमधून आघाताच्या त्रासावर काम करणाऱ्या, पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं. सत्तरच्या दशकापासून त्यांनी ती बांधत आणली. तिचं शिक्षण साधारण तीन वर्षांचं आहे आणि त्यात स्वतः मदत घेणाऱ्याच्या खुर्चीत बसावं लागतं. ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. स्वतःच्या आखडलेल्या मानेशी ज्याची ओळख नाही, त्याने दुसऱ्याच्या छातीतली धडधड हाताळू नये.

निसर्गाकडे वळायला मात्र २०१९ चा महापूर कारण झाला. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

"शरीराकडे लक्ष देणं" म्हणजे भेटीत प्रत्यक्ष काय होतं?

समजा एखादी बाई सासरच्या जाचाबद्दल बोलते आहे. शब्द शांत आहेत, पण उजव्या हाताची मूठ वळली आहे. मी म्हणते, "आपण इथं जरा थांबू. हाताकडे बघा. तो काय करायला बघतोय?" कधी ती म्हणते, "ढकलायचंय." मग हळूहळू, खरोखर अगदी सावकाश, ती भिंतीला किंवा उशीला तळहात लावून ढकलून पाहते. पाय जमिनीवर घट्ट असतात. पाठीतून जोर कसा येतो हे ती अनुभवते. बऱ्याचदा त्यानंतर एक मोठा श्वास आपोआप सुटतो, डोळे भरतात, क्वचित हसूही येतं. मग आम्ही पुन्हा बोलायला लागतो आणि आता ती जे बोलते ते आधीपेक्षा वेगळं असतं.

दुखऱ्या आठवणीत एकदम उडी घेत नाही. आधी शरीरातली एखादी बरी जागा शोधतो. सगळं अंग ताठलेलं असलं तरी तळपाय किंवा ओठ सैल सापडतात. तिथे थांबायचं, मग त्रासाच्या कडेला जरासं जायचं, परत सैल जागेकडे यायचं. संपूर्ण हकीकत एका बैठकीत सांगून मोकळं व्हावं असं अनेकांना वाटतं. मी त्यांना आवरते, कारण अशा भडाभडा सांगण्यानंतर पुढचे चार दिवस झोप उडालेली मी पाहिली आहे.

यामागे काही शास्त्र आहे की नुसतं बरं वाटतं?

शास्त्र आहे, पण सगळीकडे सारखं भक्कम नाही.

पक्कं आहे ते आधी. धोका जाणवला की आपली अनुकंपी मज्जासंस्था कामाला लागते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणतात, पचन मंदावतं. धोका सरला की परानुकंपी मज्जासंस्था हे सगळं खाली आणते. आपण श्वास घेतो तेव्हा ठोके किंचित वाढतात आणि सोडतो तेव्हा किंचित कमी होतात, म्हणून सावकाश, लांब उच्छ्वासाने शरीर शांत होऊ लागतं. सततच्या ताणात राहिलेल्या माणसाचं शरीर धोका सरल्यावरही तयारीतच राहतं. पोट बिघडणं, मान धरणं, झोप तुटणं हे त्यातूनच येतं.

आघातानंतरच्या त्रासावर सर्वांत चांगला पुरावा आघातकेंद्रित विचार-वर्तन उपचारांचा आणि डोळ्यांच्या हालचाली वापरणाऱ्या ईएमडीआर पद्धतीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या दोन्ही पद्धती सुचवल्या. शरीरकेंद्रित पद्धतींवरचे अभ्यास त्या मानाने कमी आणि लहान आहेत, निकाल आशादायक आहेत. म्हणून "यानेच बरं होतं" असं मी कुणालाही सांगत नाही, आणि गरज दिसली तर ईएमडीआर करणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवते.

निसर्गाबद्दल बोलायचं तर रॉजर उल्रिख यांचा १९८४ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण अवघे ४६ होते, त्यामुळे त्यावर डोलारा उभारू नये. पण नंतरच्या अनेकांना त्याने वाट दाखवली. जपानच्या वन विभागाने १९८२ मध्ये "शिनरिन-योकू", म्हणजे वनस्नान, ही कल्पना लोकांसमोर आणली. तिथे त्यावर बरंच मोजमाप झालं आहे.

बाहेर भेटायचं म्हणजे कुठे? रंकाळ्यावर कुणी ओळखीचं भेटलं तर?

भेटणारच. कोल्हापुरात सकाळी सहा वाजता रंकाळ्यावर फेरी मारली आणि ओळखीचं कुणी भेटलं नाही असं होत नाही. म्हणून रंकाळा मी सहसा टाळते. शिवाजी विद्यापीठाचा परिसर मोठा आहे, झाडी दाट आहे आणि आत गेलं की माणसं विरळ होतात. कात्यायनीच्या टेकडीकडे, कळंब्याच्या तलावाच्या मागच्या बाजूला गर्दी नसते. ज्यांना अर्धा दिवस काढता येतो त्यांच्यासोबत कधी पन्हाळ्यावर जाते, पर्यटकांच्या वेळा सोडून.

तरी कुणी समोर आलंच तर काय बोलायचं हे आधी ठरवून ठेवतो. "मावशीच्या ओळखीच्या ताई आहेत, चालायला सोबत आलोय," एवढं पुरतं. काहींना हेही नको असतं. त्यांच्या सगळ्या भेटी खोलीतच होतात, खिडकीशी ठेवलेल्या कुंड्यांसोबत, आणि त्यात काहीही कमी नाही.

पाऊस वाढला की मला झोप लागत नाही. पुरात घर गेलं होतं. तुम्ही मला नदीकाठी नेणार का?

नाही. निदान सुरुवातीला तर नाहीच.

निसर्गाने मन शांत होतं हे वाक्य आपल्या जिल्ह्यात सरसकट म्हणता येत नाही. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातल्या गावांनी जे पाहिलं, त्यांच्यासाठी पावसाचा आवाज हा नुसता आवाज राहिलेला नाही. २०१९ मध्ये छावणीत काम करताना मला जाणवलं की तिथे समजुतीचे शब्द कुणाच्या कानापर्यंत पोचतच नव्हते. गोठ्यात बांधलेली जनावरं सोडून आलेला माणूस बसल्या जागी थरथरत होता. त्याला विचार बदलायला सांगणं क्रूरपणाचं ठरलं असतं. अंगावर घोंगडी, हातात गरम चहाचा कप, शेजारी शांत बसलेलं कुणीतरी, आणि "आत्ता आपण कुठं आहोत, दार कुठं हाय, खिडकी कुठं हाय" हे मान वळवून पाहणं, एवढ्यानेच थरथर कमी व्हायची. माझ्या कामाची दिशा तिथे ठरली.

या भीतीला मी आजार म्हणत नाही. नदी पुन्हा येऊ शकते, त्यामुळे भीतीत तथ्य आहे. म्हणून कामाचे दोन भाग असतात. एक भाग अगदी व्यवहाराचा. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत एका जागी, जनावरं कुणाच्या रानात न्यायची ते मे महिन्यातच ठरलेलं, म्हाताऱ्या माणसांना कोण नेणार ते ठरलेलं. गेल्या वेळी जे करता आलं नाही ते या वेळी हातांनी करता येतं, तेव्हा अंगातली धास्ती उतरायला खरी सुरुवात होते. पाण्याच्या पातळीचे मेसेज दर पाच मिनिटांनी बघायचे नाहीत, दिवसातून दोन ठरलेल्या वेळा बघायचे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा मेसेज आला की काय करायचं हे भिंतीवर लिहून ठेवायचं.

दुसरा भाग शरीराचा, आणि तो हिवाळ्यात करायचा. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी खाली असतं. तुमची इच्छा असेल तरच आपण घाटापासून खूप अलीकडे उभे राहतो. पाय किंवा पोट जिथे "बास" म्हणेल तिथे थांबतो, पाठ फिरवतो, एखाद्या झाडाकडे किंवा देवळाच्या शिखराकडे बघतो, श्वास खाली आला की ठरवतो, अजून चार पावलं की घरी परत. परत जाणं हीसुद्धा पूर्ण झालेली भेट आहे. काही जण दोन-तीन वर्षांनी पायरीवर बसून पाण्यात हात घालतात. काही जण कधीच जात नाहीत आणि तरीही पावसाळ्यात झोपू लागतात.

आम्ही शेतकरी. रोज रानातच असतो. आम्हाला निसर्ग काय शिकवणार?

बरोबर आहे. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आणि उभ्या उसाला तोड मिळत नाही, त्याला "झाडांकडे बघा, शांत वाटेल" म्हणणं अपमानच आहे. त्याच्यासाठी रान म्हणजे हिशोब. अशा वेळी मी बाहेरची जागा वापरत नाही, किंवा वापरलीच तर जिथे काही पिकवायचं नाही अशी. पुष्कळ गावांत अजून देवराई आहे. कुऱ्हाड न लागलेलं ते रान आपल्या मालकीचं नाही, त्याचं आपल्याला काही देणं नाही. बांधावरचा माणूस तिथे बसतो तेव्हा त्याचे खांदे खाली येताना मी पाहिले आहेत.

पैलवानांना याची काय गरज? त्यांचं शरीर तर कमावलेलं असतं.

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण मी तालमीच्या गल्लीत वाढले.

शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारलं, त्या गावात शरीराचा आदर कुणाला शिकवावा लागत नाही. ताक, हळद, लिंबू, तेल घालून मऊ केलेल्या लाल मातीत जो वाढला, त्याला समोरच्याच्या खांद्याच्या हालचालीवरून डाव ओळखता येतो. शरीराची एवढी बारीक जाण असलेली माणसं माझ्या खोलीत इतर कुणी नसतात. पण दुखणं सोसायचं आणि दाखवायचं नाही, हेही त्याच मातीत मुरलेलं असतं. गुडघा गेला, कुस्ती सुटली, खुराकाची सवय राहिली आणि वजन वाढलं, घरात चिडचिड सुरू झाली, रात्री दारू आली. तोवर कुणाला कळत नाही की या माणसाचं काही हरवलंय.

अशा माणसाला "तुम्हाला काय वाटतं?" विचारलं की तो गप्प होतो. "खडाखडी करताना पहिल्यांदा कुठं ताण येतो?" असं विचारलं की तो अर्धा तास बोलतो. तिथून दुःखाकडे जाणारी वाट सापडते. वस्ताद मंडळींनी यात साथ दिली तर फार मोठं काम होईल. सोळा वर्षांच्या पोराने "आज जीव लागत न्हाई" म्हटलं तर त्याला आळशी न ठरवता बाजूला घेऊन पाच मिनिटं ऐकणं, एवढंच मी त्यांच्याकडे मागते.

तुम्ही अंगाला हात लावता का?

नाही. शरीराशी काम म्हणजे मालिश किंवा दाबणं नव्हे. तुमचं लक्ष, तुमचा हात, तुमचं अंग. कुणी "शरीरोपचार" म्हणून न विचारता स्पर्श करत असेल, दार आतून लावत असेल, कपड्यांबद्दल काही सांगत असेल, तर त्याच क्षणी उठा आणि बाहेर पडा. त्याचं कितीही नाव असो.

हे सुरू केल्यावर गोळ्या बंद करता येतील?

तो निर्णय तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांचा. काही गोळ्या अचानक थांबवल्या तर त्रास उलटून दुप्पट होतो. मी औषध सुरू करत नाही, बदलत नाही, बंद करायला सांगत नाही. उलट पहिल्या भेटीतच थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलंय का हे विचारते. धडधड आणि थकवा यांमागे साधं रक्ताचं कारण असेल तर ते आधी सापडलेलं बरं.

कुणासाठी ही पद्धत योग्य नाही?

भास होत असतील, उन्मादाची अवस्था असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. रोजची दारू नुकतीच सोडली असेल आणि हात थरथरत असतील तर थेट रुग्णालय, कारण त्या काळात जीवाला धोका असतो. फेफरं, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर मला आधी सांगा. जोरजोरात श्वास घ्यायला लावणारे प्रयोग मी कुणावरच करत नाही. घाबरण्याचे झटके येणाऱ्यांना त्याने झटकाच येऊ शकतो.

जगणं नको वाटत असेल तर या पानावर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२.

आम्ही आधी देवऋषाकडे जाऊन आलो. सांगितलं तर रागावाल का?

मुळीच नाही, सांगा. घरात कुणी आजारी असताना माणूस सगळी दारं ठोठावतो. जोतिबाला, अंबाबाईला जाऊन ज्यांना धीर मिळतो त्यांनी जावं. मला विचारायचं असतं ते एवढंच, की तिथे कुणी मारहाण केली का, उपाशी ठेवलं का, औषध बंद करायला लावलं का. तसं झालं असेल तर तो अत्याचार आहे आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने त्यातल्या बऱ्याच गोष्टी गुन्हा ठरतात.

मग हे योगासारखंच झालं की!

नातं आहे. पण योगात आसन ठरलेलं असतं आणि शरीर त्यात न्यायचं असतं. इथे शरीर आत्ता जसं आहे, वाकलेलं, आखडलेलं, तिथूनच सुरुवात होते. दोन्ही करत असाल तर उत्तमच.

घरच्यांना न सांगता येता येईल का?

अठरा वर्षं पूर्ण असतील तर हो. भेटीत बोललेलं मी तुमच्या नवऱ्याला, सासूला, आईला सांगत नाही, त्यांनी फोन केला तरी नाही. अपवाद मोजके आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जीवाला तातडीचा धोका, अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार, न्यायालयाचा आदेश. मुलांवरच्या अत्याचाराची खबर देणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. हे मी पहिल्याच दिवशी सांगते, म्हणजे काय बोलायचं ते तुम्ही ठरवू शकता.

मला या क्षेत्रात यायचंय. कुठून सुरुवात करू?

आधी मानसशास्त्रातली पक्की पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण, तेही वर्गात बसून. २०२५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र दूरशिक्षणाने शिकवायला मनाई केली आहे आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. समुपदेशकांसाठी २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने नोंदणीची वाट आखली आहे.

शनिवार-रविवारच्या शिबिरातून "सोमॅटिक हीलर" असं प्रमाणपत्र घेऊन लगेच माणसं बघायला बसू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गोठून गेलेलं शरीर अचानक सैल झालं की आतून काय उसळेल हे सांगता येत नाही. त्या वेळी समोर बसलेल्याला स्थिर राहता आलं पाहिजे. त्यासाठी काही वर्षं साधं समुपदेशन करा, अनुभवी मार्गदर्शकाला आपलं काम नियमित दाखवा आणि स्वतःसाठी समुपदेशन घ्या. शरीर आणि निसर्गाची पद्धत त्यानंतर शिका.

किती भेटी लागतात? फी किती?

एक भेट तासाभराची, शक्यतो आठवड्याला एक. चार भेटींनंतर आपण दोघं बसून बघतो, काही फरक पडतोय का. पडत नसेल तर मी दुसरं नाव सुचवते. फी फोनवर सांगते. ज्यांना पूर्ण देणं शक्य नाही त्यांच्यासाठी दर आठवड्याला काही वेळा राखीव असतात. ते सांगताना संकोच करू नका.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

जुने रिपोर्ट आणि सुरू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी. कपडे सैल, पायात चप्पल असली तरी चालेल. पहिली भेट खोलीतच होते. चहा मिळेल, आणि काही बोलावंसं वाटलं नाही तर तो तास तसाच बसून काढायचीही मुभा आहे.